आधी डमी, मग लेख: वार्षिक अंकाच्या मांडणीबद्दल वाचकांचे प्रश्न

दुसरं सत्र सुरू झालं की महाविद्यालयांमध्ये वार्षिक अंकाची धावपळ सुरू होते आणि मांडणीबद्दलचे प्रश्नही येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न घेतले आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अडचणींचं मूळ एकच आहे. साहित्य जमवून झाल्यावर ‘आता पानं लावू’ असं म्हटलं जातं, तोवर कागद, आकार आणि बाइंडिंग यांनी बरंच काही परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

प्रश्न : आमचा अंक ए-फोर, ६४ पानी, पिन बाइंडिंगचा आहे. लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीवर चार पानांचा खास लेख ठरला आहे. लेख ३,२०० शब्दांचा झाला आहे आणि फोटो चौदा आहेत. सगळं चार पानांत कसं बसवायचं?
(विद्यार्थी संपादक, सातारा)

सगळं बसणार नाही. किती बसेल ते मात्र आधीच मोजता येतं, म्हणून त्या हिशेबापासून सुरुवात करू.

ए-फोर पान २१० × २९७ मिमी. आतला समास २०, बाहेरचा १५, वरचा १८ आणि खालचा २५ मिमी ठेवा. मजकुराची जागा उरते १७५ × २५४ मिमी. देवनागरी मजकूर ११ पॉइंटात आणि ओळअंतर १६ पॉइंट घेतलं, तर एक ओळ ५.६४ मिमी उंचीची होते आणि पानात बरोबर ४५ ओळी बसतात. मध्ये ५ मिमी सोडून दोन रकाने केले की प्रत्येक रकाना ८५ मिमीचा. त्यात ओळीला सरासरी सहा-सात शब्द येतात. म्हणजे नुसत्या मजकुराने भरलेल्या पानात ५५० ते ६०० शब्द. तुमच्या फाँटात हा आकडा थोडा बदलेल. एक पान भरून शब्द मोजा आणि तोच आकडा पुढे वापरा.

चार पानं फोटोशिवाय गच्च भरली तरी २,३०० शब्दांच्या पुढे जात नाहीत. तुमचे ३,२०० शब्द साडेपाच पानं खातात, तेही शीर्षक न देता. मग ओळअंतर १३ पॉइंटावर आणायचा मोह होतो. तसं करू नका. मांडणीची सॉफ्टवेअर स्वयंचलित ओळअंतर अक्षराच्या १२० टक्के धरतात. रोमन लिपीला ते पुरतं. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

लेख डाव्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर सुरू करा. ३० ते ३३ ही पानं घ्या. का, ते पुढच्या उत्तरात येईल. ३०-३१ आणि ३२-३३ अशा समोरासमोरच्या दोन जोड्या मिळतात. वाचक एक पान कधीच पाहत नाही, त्याच्यासमोर जोडी उघडते. त्यामुळे कागदावर आखतानाही जोडीच आखा.

पान ३० वर एकच फोटो, चारी कडांपर्यंत. विहिरीत खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचा, उभा. त्यावर मजकूर नको, शीर्षकही नको. पान ३१ वर वरच्या १५ ओळींच्या जागेत शीर्षक, दोन-तीन ओळींचा इंट्रो आणि लेखकाचं नाव. खालच्या ३० ओळी गुणिले दोन रकाने म्हणजे सुमारे ३९० शब्द.

पान ३२ हे या लेखाचं खरं पान. विहीर साधारण ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची आहे. हा आकडा वाक्यात वाचून कोणालाच काही दिसत नाही, चित्रात दिसतो. बाहेरचा, म्हणजे डावा रकाना पूर्ण उंचीने विहिरीच्या उभ्या छेदाला द्या. १ : १८० हे प्रमाण घेतलं तर ५० फुटांचे ८४.७ मिमी होतात आणि चित्र ८५ मिमीच्या रकान्यात चपखल बसतं. ११० फुटांचे होतात १८६ मिमी, म्हणजे बरोबर ३३ ओळी. उरलेल्या १२ ओळींत चित्राचं नाव, प्रमाण आणि दोन-तीन टिपा. काठावर साडेपाच फुटांचा माणूस काढा. तो सव्वानऊ मिमीचा येईल. चित्रातली खोली तिथे कळते. चित्राने रकान्याची सगळी रुंदी घेतली आहे, म्हणून भागांची नावं विहिरीच्या पोकळीतच लिहावी लागतील. ९ पॉइंटापेक्षा लहान नकोत. उजव्या रकान्यात सुमारे २९० शब्द.

पान ३३ वर प्रत्येक रकान्याच्या माथ्याला एक फोटो: १४ ओळींचा फोटो आणि २ ओळींची फोटोओळ. एक कोरीव कामाचा जवळून, दुसरा मोटेच्या जागेचा, शेजारी माणूस उभा असलेला. एका रकान्याच्या तळाला १४ ओळींची चौकट. उरतात ४४ ओळी, म्हणजे २८५ शब्द.

बेरीज केली तर लेखाला सुमारे ९६५ शब्द मिळतात आणि चौकटीला ८५. लेखाचा दोन-तृतीयांश भाग जाणार. वाईट वाटेल, पण ३,२०० शब्दांत सातारच्या गादीचा सर्वसाधारण इतिहास आणि ‘पाणी हेच जीवन’ने सुरू होणारा परिच्छेद असणार, हे लेख न बघता सांगता येतं. ते दोन्ही आधी काढा. विरुबाई भोसल्यांनी केलेलं बांधकाम, बारा मोटेची म्हणवणाऱ्या विहिरीवर पंधरा मोटांची सोय असणं, ठिकाण आणि जायचा रस्ता ही माहिती चौकटीत जाते. लेखात बघण्या-ऐकण्याचं तेवढं ठेवा. आणि एक काळजी घ्या. बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६ असा दिला, तर चौकटीत इसवी सन १७१९ ते १७२४ हेही लिहा. एका पानावर शक आणि दुसऱ्यावर सन राहिला तर वाचक ७८ वर्षांनी चुकतो.

लेखक ऐकतच नसेल तर दोन पानं वाढवून १,८०० शब्दांपर्यंत जाता येईल. आमचा कौल चार पानांनाच आहे.

प्रश्न : बजेटमध्ये फक्त आठ रंगीत पानं बसतात. क्रीडा, स्नेहसंमेलन, एनएसएस आणि खास लेख अशी चार ठिकाणी दोन-दोन रंगीत पानं हवी आहेत. प्रेसवाले ‘जमणार नाही’ म्हणतात. ते टाळताहेत का?
(प्राध्यापक, नागपूर)

टाळत नाहीत, सर. आठ रंगीत पानं म्हणजे कुठलीही आठ पानं नव्हेत. पानं सुटी छापली जात नाहीत, फर्म्याने, म्हणजे एकाच तावावर एकत्र येणाऱ्या पानांच्या गटाने छापली जातात. रंगीत पानं एकाच फर्म्यात आली तरच खर्च आठ पानांचा राहतो. चार ठिकाणी विखुरली तर चार फर्मे रंगीत होतात.

पिन बाइंडिंगमध्ये कागद एकात एक घातलेले असतात. पहिलं पान शेवटच्या पानाशी जोडलेलं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी. ६४ पानी अंकात कुठल्याही जोडीची बेरीज ६५ येते: १ आणि ६४, २० आणि ४५, ३२ आणि ३३. म्हणून सलग आठ रंगीत पानं हवी असतील तर ती मधोमध, २९ ते ३६ इथेच मिळतात. सातारच्या लेखाला ३० ते ३३ ही पानं सुचवली ती यासाठीच. शिवाय ३२-३३ हा अंकातला एकमेव अखंड कागद आहे.

तुमची अडचण दुसऱ्या वाटेने बरीच सुटू शकते. मधला १६ पानी फर्मा २५ ते ४० या पानांचा. तावाच्या एका बाजूला २५, २८, २९, ३२, ३३, ३६, ३७, ४० ही पानं येतात आणि दुसऱ्या बाजूला २६, २७, ३०, ३१, ३४, ३५, ३८, ३९. ही दुसरी बाजू रंगीत छापून घ्या. २६-२७, ३०-३१, ३४-३५, ३८-३९ अशा समोरासमोरच्या चार पूर्ण रंगीत जोड्या मिळतील. तुमचे चारही विभाग त्यात बसले. फक्त मधलं ३२-३३ काळं-पांढरं राहील आणि चारही विभाग अंकाच्या मध्याशी येतील. सगळ्या प्रेसची पानं लावायची पद्धत एकच नसते, म्हणून रंगीत बाजूला कोणती पानं येतात ते प्रेसकडून लिहून घ्या आणि मगच अनुक्रमणिका ठरवा.

हे डोक्यात बसत नसेल तर १६ कागद घ्या, मधोमध दुमडून एकात एक घाला, पेन्सिलीने १ ते ६४ आकडे टाका आणि सोडवून बघा. हीच डमी. अंक छापून येईपर्यंत ती संपादकाच्या टेबलावर राहू द्या. कोणत्या पानावर काय, किती शब्द, किती फोटो, जाहिरात कुठे, हे त्यावरच लिहा. पेनने नको, अर्धी पानं बदलणार आहेत.

पिन बाइंडिंगची आणखी एक खोड. कागद एकात एक घातले की आतले बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त जाते. ९० जीएसएम मॅपलिथोची (हा बिनचकाकीचा साधा छपाईचा कागद) जाडी साधारण ०.१२ मिमी, सर्वांत आतल्या कागदावर पंधरा कागदांचा फुगवटा, म्हणजे १.८ मिमी. पानक्रमांक कडेपासून ५ मिमीवर टाकला असेल तर मधल्या पानांवर तो तीनवर येतो आणि ‘कापला गेला’ अशी तक्रार होते. पानक्रमांक आणि कडेची पट्टी किमान १० मिमी आत ठेवा.

प्रश्न : सगळा अंक ए-फोरमध्ये लावून झाला. आता प्रेस म्हणते, उंची थोडी कमी करा. ए-फोर तर सगळीकडे चालतो ना?
(लातूर)

झेरॉक्सच्या दुकानात चालतो. ऑफसेटला कागद तावात येतो आणि आपल्याकडचा नेहमीचा ताव २३ × ३६ इंचांचा. त्याच्या एका बाजूला आठ पानं लावली की प्रत्येक पानाच्या वाट्याला ९ × ११.५ इंच येतात. साडेअकरा इंच म्हणजे २९२ मिमी, आणि ए-फोरची उंची २९७. पाच मिमी तर इथेच कमी पडतात, कटिंग आणि ब्लीड (कडेपर्यंतची छपाई कापण्याच्या रेषेबाहेर जाते ती जादा जागा) अजून बाकी आहेत. म्हणून या तावावर कटिंगनंतर साडेआठ × पावणेअकरा किंवा अकरा इंचांच्या आसपासचा आकार मिळतो. पूर्ण ए-फोर हवा असेल तर २५ × ३६ चा ताव लागतो. प्रेसकडे तो आहे का आणि त्याचा दर काय, हे मांडणी सुरू करण्याआधी विचारायचं. छोटा आकार चालत असेल तर २० × ३० च्या तावातून सव्वासात × साडेनऊ इंचांचा अंक निघतो. अनेक दिवाळी अंक याच आकाराचे असतात आणि हाताळायला तो ए-फोरपेक्षा बरा.

लावून झालेला अंक ९६ टक्क्यांवर लहान करून देऊ नका. अकराचा मजकूर साडेदहावर येतो, समास बिघडतात आणि पानक्रमांक भलतीकडे जातात. पानाचा आकार बदलून वरचे-खालचे समास कमी करा, लागलीच तर एक ओळ कमी करा आणि मजकूर पुन्हा वाहू द्या. दोन दिवसांचं काम आहे, पण तेच बरं.

प्रश्न : विद्यार्थी युनिकोडमध्ये टाइप करतात, प्रेसचा डीटीपीवाला श्रीलिपीत रूपांतर करून पेजमेकरमध्ये लावतो. आम्ही दोनदा प्रूफ तपासूनही चुका राहिल्या. नेमकं काय बिघडतं?
(मराठी विभाग, नांदेड)

तुम्ही प्रूफ रूपांतराआधी तपासलं असणार. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ मधली आहे. जुन्या पद्धतीच्या फाँटांत देवनागरीची चिन्हं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. रूपांतर म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवणं, आणि ज्या चिन्हाला तिकडे जागा नाही ते पडतं. ठरलेल्या चुका अशा: ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, ‘ॲप’मधल्या ॲच्या जागी भलतंच चिन्ह किंवा चौकोन येतो, अवतरणचिन्हांच्या आणि डॅशच्या जागी एखादं अक्षर उगवतं, मराठी वाक्यातला इंग्रजी शब्द देवनागरी कडबोळं होऊन बसतो.

एक चाचणी-ओळ तयार ठेवा: ‘तऱ्हा, दुसऱ्या, सूर्य, दृष्ट्या, वाङ्मय, हृदय, श्रद्धा, ॲप, कॉफी, “अवतरण”, १९४७–५०, एनएसएस’. ती आधी रूपांतरित करून छापून घ्या. कुठे काय तुटतं ते दहा मिनिटांत कळेल आणि डीटीपीवाल्याला तेवढेच बदल एकदम करता येतील. मुद्रितशोधन रूपांतरानंतरच्या छापील पानावर करा. आधीचं वाचन संपादनासाठी.

जमत असेल तर रूपांतराचा टप्पाच काढून टाका. इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी नीट दिसतं, मात्र परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडलेला हवा. नाहीतर वेलांट्या भलत्या अक्षरावर जातात आणि जोडाक्षरं सुटतात. फुकट हवं असेल तर स्क्रायबसची १.६ आवृत्ती घ्या. जुनी १.४ देवनागरीची वाट लावते. कॅनव्हावर मुखपृष्ठ किंवा एखादं जाहिरातीचं पान ठीक आहे. लेख मात्र एका पानावरून दुसऱ्यावर आपोआप वाहत नाही, प्रत्येक पानाचा मजकूर हाताने तोडावा लागतो आणि नंतर एक ओळ काढली की पुढची सगळी पानं हलवावी लागतात.

फाँट निवडताना ल आणि श ही अक्षरं बघा. मराठी वळणाची आहेत की हिंदी वळणाची ते तिथेच कळतं. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत मंगल आयताच असायचा, म्हणून सगळा अंक त्यात लावला जातो. र. कृ. जोशींनी तो पडद्यावर वाचण्यासाठी घडवला. साठ पानांच्या छपाईचं काम त्याच्यावर टाकू नये. मजकुराला ‘तिरो देवनागरी मराठी’ आणि शीर्षकं, चौकटी, फोटोओळींना ‘मुक्त’, एवढ्या दोन फुकट फाँटांत अख्खा अंक होतो. तिसरा फाँट आणायचा झाला तर कारण हवं.

प्रश्न : तीन रकाने केले की मासिकासारखं दिसतं, पण शब्दांमध्ये मोठी भोकं पडतात. दोन रकाने केले की पाठ्यपुस्तक वाटतं. काय करावं?
(विद्यार्थिनी, कोल्हापूर)

ए-फोरमध्ये तीन रकाने म्हणजे प्रत्येक रकाना ५५ मिमीचा. ११ पॉइंटात ओळीला चारच शब्द बसतात. इंग्रजीत लांब शब्द ओळीच्या शेवटी तोडतात, मराठीत आपण सहसा तोडत नाही. ‘विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा’ असा एक शब्द आला की तो अख्खा खाली जातो आणि वरच्या तीन शब्दांत सगळी मोकळी जागा वाटली जाते. तीच भोकं. कधी ती ओळीखाली ओळ येऊन पानातून नदी वाहते.

तीन रकाने हवेच असतील तर मजकूर दोन्ही कडांना ताणू नका. डावी कड सरळ, उजवी मोकळी. सुटसुटीत चौकट, मुलाखत, परिसंवाद यांना हे शोभतं. लांब लेखाला दोन रकाने आणि दोन्ही कडा सरळ. काहीही करा, पण अक्षरांमधलं अंतर वाढवून ओळ भरू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दातांसारखा दिसतो. ताणण्याच्या सेटिंगमध्ये अक्षर-अंतराचे तिन्ही आकडे शून्य ठेवा.

दोन रकाने पाठ्यपुस्तकी वाटतात ते सगळी पानं सारखीच भरल्यामुळे. मजकुराची १७५ मिमी रुंदी सहा उभ्या पट्ट्यांत वाटा: प्रत्येक २५ मिमी, मध्ये ५. तीन पट्ट्या म्हणजे ८५ मिमीचा रकाना, दोन म्हणजे ५५, चार म्हणजे ११५. मग एका पानावर ११५ मिमीचा फोटो आणि शेजारी ५५ मिमीची चौकट, पुढच्या पानावर ८५ चे दोन रकाने, असं करता येतं आणि कडा तरीही जुळत राहतात. फोटोंची उंची ओळींत मोजा; १४ ओळींचा फोटो, २ ओळींची फोटोओळ. मिलिमीटरांत मोजलेला फोटो शेजारच्या रकान्याशी कधीच जुळत नाही.

पहिलं अक्षर मोठं करणार असाल तर पूर्ण अक्षर घ्या, वेलांटी-मात्रेसकट: ‘वि’, ‘स्त्री’. त्याची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेच्या रेषेत आणावी लागते. सॉफ्टवेअर ते रोमन अक्षराच्या हिशेबाने बसवतं, त्यामुळे हाताने एक-दोन पॉइंट सरकवणं आलंच.

प्रश्न : फोटो मोबाइलवर छान दिसतात, छापून आले की काळवंडतात आणि धूसर होतात.
(वार्षिक अंक समिती, जळगाव)

दोन वेगळी दुखणी आहेत. धूसरपणाचं कारण बहुधा व्हॉट्सॲप. साधा पाठवलेला फोटो तिथे लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा होतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर तो १३५ मिमीपर्यंतच चालतो. ८५ मिमी रुंद फोटोला सुमारे हजार पिक्सेल लागतात, तिथे हरकत नाही. पण पूर्ण ए-फोर पानाला ब्लीडसह २१६ × ३०३ मिमी, म्हणजे २५५१ × ३५७९ पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपचा फोटो तिथे ताणला की इंचाला १३४ उरतात. मोबाइलचा मूळ १२ मेगापिक्सेलचा फोटो, ३००० × ४०००, पूर्ण पानाला सहज पुरतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका.

काळवंडण्याचं कारण कागद. मॅपलिथो शाई शोषतो, ठिपका पसरतो, सावल्या बुजतात. आर्ट पेपरवर हे बरंच कमी होतं. मॅपलिथोवर छापायचे फोटो पडद्यावर थोडे फिके वाटतील इतके उजळा, विशेषतः चेहरे. स्नेहसंमेलनाचे मंचावरचे लाल-निळ्या दिव्यांतले फोटो काळ्या-पांढऱ्यात छापणार असाल तर त्यांच्यावर फार आशा ठेवू नका. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं टाकायची तर १२ पॉइंट ठळक. बारीक अक्षरांची पोटं शाईने भरतात. साधा मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के काळा. चार रंगांचा काळा असेल तर प्लेट केसभर हलली तरी प्रत्येक शिरोरेषेला सावली पडते.

प्रश्न : आमच्या अंकात मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजी असे चार विभाग असतात. चार वेगळे अंक जोडल्यासारखं दिसतं.
(मडगाव)

समास, सहा पट्ट्या, पानक्रमांकाची जागा, शीर्षकाची उंची आणि लेखकाच्या नावाची पद्धत चारही विभागांत एकच ठेवा. बदल फक्त अक्षरात. कोंकणी देवनागरीत असेल तर मराठी-हिंदीचाच फाँट. इंग्रजी त्याच आकड्यात घेऊ नका: ११ च्या देवनागरीशेजारी ११ चं इंग्रजी बहुधा मोठं दिसतं. १० पॉइंट आणि १४ ओळअंतर घेऊन दोन्ही पानं शेजारी छापून बघा. इंग्रजीचं पान भरायला जास्त शब्द लागतात, तेव्हा त्या विभागाची शब्दमर्यादा वेगळी सांगा. विभागाची ओळख एका रंगाच्या पट्टीने किंवा पानाच्या माथ्यावरच्या नावाने होते. प्रत्येक विभागाला वेगळी वेलबुट्टी नको.

प्रश्न : शेवटची पीडीएफ ‘ओके’ करण्याआधी काय काय बघायचं? अर्ध्या तासात प्रेसला उत्तर हवं असतं.
(विद्यार्थी संपादक, पनवेल)

अर्धा तास मागू नका, एक पूर्ण दिवस वेळापत्रकातच टाका. प्रकाशनाच्या तारखेपासून मागे मोजा: छपाई आणि बाइंडिंगला १० ते १२ दिवस, दोन प्रूफांना ५, मांडणीला १२ (विद्यार्थी दिवसाला पाच-सहा पानं लावतात, त्याहून जास्त नाही). म्हणजे साहित्य महिनाभर आधी बंद.

पीडीएफ पडद्यावर तपासू नका. छापून घ्या, डमीसारखी दुमडा आणि चाळा. अनुक्रमणिकेतला प्रत्येक आकडा प्रत्यक्ष पानाशी जुळवा. शेवटच्या दिवसात एक जाहिरात वाढली की पुढचे सगळे आकडे हलतात आणि अनुक्रमणिका जुनीच राहते. शीर्षकं स्वतंत्र वाचा, कारण मोठ्या अक्षरातली चूक सगळ्यांच्या नजरेतून सुटते. पानांच्या माथ्यावर मागच्या वर्षीचं साल राहिलं नाही ना बघा. चारी कडांना ३ मिमी ब्लीड आहे का, कडेपर्यंतचे फोटो खरंच तिथवर पोचतात का, फाँट पीडीएफमध्ये एम्बेड झालेत का. परफेक्ट (पाठीला गोंदाने चिकटवलेलं) बाइंडिंग असेल तर समोरासमोरच्या फोटोत कोणाचा चेहरा मध्यावर येत नाही ना; तिथे दोन्ही बाजूंचे पाच-सात मिमी पोटात जातात.

समूहफोटोची फोटोओळ मात्र दोघांनी मिळून तपासा: एकाने फोटोवर बोट ठेवायचं, दुसऱ्याने ‘डावीकडून’ पासून नावं वाचायची. मांडणीत फोटो उलटा झालेला असेल, म्हणजे डावा-उजवा बदललेला, तर तो इथेच सापडतो. गणवेशावरच्या बिल्ल्यातली अक्षरं उलटी दिसतात का, तेही पाहा.